ओडिनने डोळा गहाण टाकला, त्याची गोष्ट आणि आणखी काही प्रश्न

ओडिन हा नॉर्स, म्हणजे ख्रिस्ती होण्याआधीच्या उत्तर युरोपातल्या (स्कँडिनेव्हिया, आइसलँड) देवांचा राजा. मग ज्ञानासाठी त्याला एक डोळा का द्यावा लागला? देव सर्वज्ञ असतो ना?

नॉर्स देव सर्वज्ञ नाहीत, आणि ओडिन तर मुळीच नाही. त्याला जे जे ठाऊक आहे ते त्याने मिळवलेलं आहे: मोल देऊन, चोरून, नाहीतर कुणाला तरी बोलतं करून. मीमिर या ज्ञान्याच्या विहिरीतलं, शहाणपण देणारं घोटभर पाणी मिळावं म्हणून त्याने डोळा गहाण टाकला. जुन्या काव्यात भाषा खरोखरच तारणाची आहे, आणि ते तारण त्याने सोडवल्याचं कुठेही येत नाही. रून अक्षरं आणि त्यांतली मंत्रशक्ती हाती लागावी म्हणून तो वाऱ्यात हेलकावणाऱ्या झाडाला नऊ रात्री लटकला. अंगात भाल्याची जखम, ना अन्न ना पाणी. ‘हावामाल’ या काव्यात तो सांगतो की हा बळी ओडिनलाच वाहिलेला होता. म्हणजे त्याने स्वतःला स्वतःलाच वाहिलं.

बाकीच्या कथा इतक्या उदात्त नाहीत. कवित्वाचं मद्य त्याने राक्षसाच्या मुलीबरोबर तीन रात्री काढून, शपथ मोडून पळवलं. सेइद ही जादू तो फ्रेया देवीकडून शिकला. ती बायकांची विद्या समजली जाई, म्हणून लोकी हा खोडसाळ देव भर मेजवानीत त्याला त्यावरून टोचून बोलतो. ओडिनला ऋषी ठरवण्याची हौस अनेकांना असते; मला त्याच्यात साधनेपेक्षा हावरेपणा जास्त दिसतो.

एवढं करूनही त्याला स्वतःचं मरण टाळता आलं नाही. मग या ज्ञानाचा उपयोग काय?

मरण टाळायला काहीच नाही. फेनरिर लांडगा आपल्याला गिळणार हे त्याला ठाऊक असतं आणि तरी जगाच्या शेवटच्या लढाईत तो रणात उतरतो. पण ज्ञान हे त्याचं हत्यार आहे. वाफथ्रूदनिर नावाच्या महाज्ञानी राक्षसाच्या घरी तो वेश बदलून जातो आणि डोकं पणाला लावून प्रश्नोत्तरांची पैज लावतो. सृष्टी कशी झाली, सूर्य कुठून आला, शेवटी कोण उरेल, राक्षस सगळं घडाघडा सांगतो. मग ओडिन विचारतो: चितेवर ठेवण्याआधी ओडिनने आपला मेलेला मुलगा बाल्डर याच्या कानात काय सांगितलं? राक्षस तिथेच हरतो आणि समोर कोण बसलंय हेही त्याला उमगतं. ते उत्तर ऐकणाऱ्यांनाही कधी मिळालं नाही. ही सरळसरळ लबाडी आहे, आणि काव्याला तिचं काही वावगं वाटत नाही.

गंमत पुढेच आहे. ओडिनच्याच तोंडी असलेल्या ‘हावामाल’मध्ये म्हटलंय की माणसाने बेताचंच शहाणं असावं, आपलं नशीब ज्याला आधी कळलेलं नसतं त्याचंच मन निर्धास्त राहतं. हे सांगणाऱ्याला स्वतःचा शेवट पाठ होता. मला तर हा ओडिनने स्वतःवरच मारलेला शेरा वाटतो.

लोकांची यावर खरोखर श्रद्धा होती का?

श्रद्धा म्हणजे ठरावीक मतं कबूल करणं, असं म्हणत असाल तर तशी नव्हती. धर्मग्रंथ नाही, कबूल करायची वचनं नाहीत. देवाशी देणंघेणं होतं, दोस्ती होती, आणि दोस्ती तुटूही शकत होती.

आइसलँडचा कवी एगिल स्कालाग्रिमसॉन याचा मुलगा बोद्वार समुद्रात बुडाला, तेव्हा एगिलने दार लावून अन्नपाणी सोडलं. त्याची मुलगी थोर्गेर्द, मीही तुमच्याबरोबर मरते, म्हणून शेजारी येऊन पडली आणि समुद्री शेवाळ चघळू लागली. याने लवकर जीव जातो म्हणून तिने त्यालाही दिलं. शेवाळ खारट, तहान लागली, पाणी मागितलं तर हातात दुधाचं शिंग आलं. उपास मोडलाच आहे तर आता बोद्वारवर कविता तरी करा, अशी तिने गळ घातली. त्या कवितेत एगिल ओडिनवर चिडतो, त्याने दोस्ती मोडली म्हणतो, आणि तरी कबूल करतो की ही निर्दोष काव्यकला त्याचीच देणगी. ओडिन आहे की नाही, हा प्रश्न त्याच्या डोक्यातही येत नाही.

दोन दगडांवर पाय ठेवणारेही होते. आइसलँडमध्ये वसायला आलेला हेल्गी ख्रिस्ताला मानायचा, पण समुद्रावर आणि अडीअडचणीला धावा गडगडाटाचा देव थॉर याचा करायचा. डेन्मार्कात शंखजिऱ्याच्या दगडाचा एक साचा सापडला आहे. त्यात क्रूसही ओतता येतो आणि थॉरचा हातोडाही. कारागिराला दोन्ही गिऱ्हाइकं हवी होती.

आइसलँड एका माणसाच्या निर्णयाने ख्रिस्ती झालं, हे खरं?

बऱ्याच अंशी. साल 1000 च्या सुमारास आल्थिंग या देशाच्या सभेत जुन्या देवांचे आणि ख्रिस्ताचे असे दोन तट पडले आणि निवाडा थोर्गेइर या कायदेवक्त्यावर, म्हणजे सभेत कायदे म्हणून दाखवणाऱ्या अधिकाऱ्यावर, सोपवला गेला. तो स्वतः जुन्या देवांचा. दिवसभर आणि रात्रभर तो अंगावर घोंगडं ओढून, अवाक्षर न बोलता पडून राहिला. सकाळी म्हणाला, कायदा फाडला तर शांतताही फाटेल. सर्वांनी बाप्तिस्मा घ्यावा. मात्र नवजात मूल उघड्यावर टाकणं, घोड्याचं मांस खाणं आणि गुपचूप बळी देणं चालेल. या सवलती काही वर्षांत गेल्या. काही लोकांनी थंड पाण्यात उतरायला नकार देऊन गरम पाण्याच्या झऱ्यावर बाप्तिस्मा घेतला म्हणतात. यात सत्य कोणतं हा मुद्दाच नव्हता, भांडण टाळायचं होतं.

थॉर म्हणजे आपला इंद्रच ना?

चुलत नातं नक्की आहे: गडगडाट, हातात न चुकणारं शस्त्र, सर्पाशी वैर, खाण्यापिण्याची आवड. पण इंद्र वृत्राला मारून पाणी मोकळं करतो. थॉर महासर्पाला मारतो आणि त्याच्या विषाने नऊ पावलांवर कोसळतो. म्हणून ‘तोच’ म्हणू नका.

हे सगळं ख्रिस्ती लोकांनी लिहून ठेवलंय. मग भरवसा कशावर ठेवायचा?

आइसलँडच्या स्नोरी स्तुर्लुसॉनने आपली एडा, म्हणजे देवकथा आणि काव्यकलेचा ग्रंथ, 1220 च्या सुमारास लिहिली, धर्मांतराला दोनशे वर्षं उलटल्यावर. जुन्या कथा विसरल्या तर कवींना जुन्या उपमा कळणार नाहीत, ही त्याची चिंता. प्रस्तावनेत तर तो या देवांना आशियातून आलेली माणसं ठरवतो. म्हणून कथा सलग आणि नीटनेटकी दिसली की थोडं सावध व्हावं, ती नीट लावणारा हात बहुधा त्याचाच असतो. सुरुवात मात्र ‘हावामाल’पासून करा. त्यातला बराचसा भाग देवांबद्दल नाहीच. पाहुण्याने दारातून आत शिरण्याआधी कोपरे नीट बघून घ्यावेत आणि बिअर बेताने प्यावी, असला आहे.