चौकोनी फोटो, गोल चौकट : वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या पत्रांत एक विषय पुन्हा पुन्हा आला : अ‍ॅपमध्ये माणसांचे फोटो गोल दाखवायचे कसे. मी कोल्हापूर भागातल्या दूध संस्था आणि पतसंस्थांसाठी अ‍ॅप तयार करते. सभासदांची यादी हीच त्या अ‍ॅपची सगळ्यात जास्त उघडली जाणारी स्क्रीन, त्यामुळे हा विषय माझ्या अगदी जवळचा आहे.

ताई, आमच्या बचत गट संघासाठी एका ओळखीच्या मुलाने अ‍ॅप करून दिलं आहे. सभासद बायकांचे फोटो उभे, अंगणात पूर्ण उभं राहून काढलेले आहेत. अ‍ॅपच्या गोलात कुणाचं नुसतं लुगडं दिसतं, कुणाची हनुवटी. तो म्हणतो, सगळ्यांचे फोटो नव्याने काढून आणा. तसंच करावं लागेल का?
— संघाच्या सचिव, जि. सांगली

नाही. एकीलाही पुन्हा फोटोला उभं करू नका. फोटो व्यवस्थित आहेत, ते कापण्याची जागा चुकली आहे.

काय होतं ते आधी सांगते. गोल करण्यापूर्वी अ‍ॅप उभ्या फोटोचा चौकोन करतं आणि तो चौकोन न विचारता बरोबर मध्यातून घेतं. मोबाइलवर काढलेला फोटो १०८० पिक्सेल रुंद आणि १९२० पिक्सेल उंच असेल, तर वरचे ४२० आणि खालचे ४२० पिक्सेल सरळ जातात. पूर्ण उभ्या माणसाचं डोकं नेमकं त्या वरच्या ४२० मध्ये असतं. उरलेल्या चौकोनाचा गोल केला की चारही कोपरे मिळून आणखी साडेएकवीस टक्के भाग जातो. म्हणजे मूळ फोटोचा जेमतेम ४४ टक्के भाग शिल्लक राहतो, आणि त्यात चेहरा नाही.

त्या मुलाला पहिली गोष्ट ही सांगा की मध्याऐवजी वरच्या बाजूने कापायचं. फ्लटर किंवा जेटपॅक कंपोज या अ‍ॅप तयार करण्याच्या साधनांत केलं असेल, तर फोटोची मांडणी 'वर-मध्य' ठेवणं हा एका ओळीचा बदल आहे. अँड्रॉइडच्या जुन्या इमेजव्ह्यूमध्ये, म्हणजे फोटो दाखवणाऱ्या घटकात, 'सेंटरक्रॉप' (मध्यातून कापणं) मिळतं पण 'टॉपक्रॉप' (वरून कापणं) मिळत नाही. तिथे मॅट्रिक्स वापरून फोटो स्वतः सरकवावा लागतो, थोडं जास्त काम आहे पण अवघड नाही. एवढ्याने निदान डोकी तरी दिसू लागतील.

मात्र चेहरे फार लहान दिसतील, म्हणून दुसरी पायरी. फोटोत चेहरा कुठे आहे हे शोधून देणारी साधनं आता फोनवरच चालतात, फोटो बाहेर कुठे पाठवावा लागत नाही. अँड्रॉइडसाठी गूगलचं एमएल किट आहे, आयफोनवर २०१७ पासून व्हिजन. ती चेहऱ्याभोवतीचा चौकोन देतात. इथे आपल्याकडच्या फोटोंसाठी एक काळजी घ्यावी लागते. तो चौकोन साधारण कपाळापासून हनुवटीपर्यंतचा असतो. डोक्यावरचा पदर, टोपी, फेटा त्यात धरलेला नसतो. आणि गोल तर वरच्या टोकाकडे फार झपाट्याने अरुंद होतो : वरच्या टोकापासून व्यासाच्या १० टक्के खाली आलात तरी तिथली रुंदी व्यासाच्या ६० टक्केच असते. फेटा चेहऱ्यापेक्षा रुंद आणि तो येतो नेमका तिथेच, म्हणून त्याच्या दोन्ही बाजू कापल्या जातात. मी चेहऱ्याच्या चौकोनाच्या वर चेहऱ्याच्या उंचीच्या दोन-तृतीयांश इतकी जागा सोडते, खाली आणि बाजूंना त्याहून कमी. पदर घेतलेल्या बाईचा पदर चौकटीत पूर्ण दिसला पाहिजे, याबाबत मी हट्टी आहे. ती त्या फोटोत स्वतःला जशी दाखवू इच्छिते तशीच दिसायला हवी.

तिसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची : शेवटचा शब्द त्या बाईचा असू द्या. फोटोवर गोल झरोका ठेवून, बोटाने फोटो सरकवून आणि लहान-मोठा करून 'असा ठेवा' म्हणण्याची सोय द्या. यंत्राने निवडलेली जागा ही फक्त सुरुवात. ट्विटरने २०१८ पासून फोटो आपोआप कापण्यासाठी असंच एक गणित वापरलं होतं. लोकांनी तक्रारी केल्यावर कंपनीने स्वतः तपासलं, आणि ते गणित गोऱ्या चेहऱ्यांकडे झुकतं असं २०२१ मध्ये जाहीर करून फोनवरचं ते कापणं कमी केलं. एवढ्या मोठ्या कंपनीने शेवटी चौकट ठरवण्याचा निर्णय माणसाकडे परत दिला. सांगलीतल्या संघाने तो पहिल्यापासूनच माणसाकडे ठेवावा.

आणि हे त्याला नक्की सांगा : मूळ फोटो जसाच्या तसा जपायचा. त्याच्या शेजारी फक्त तीन आकडे साठवायचे, गोलाचा मध्य आडवा किती, उभा किती आणि त्रिज्या किती, तेही फोटोच्या मापाच्या प्रमाणात. उद्या ओळखपत्रासाठी चौकोनी फोटो लागला, तर तो हाताशी असेल.

मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचं अ‍ॅप कोटलिनमध्ये करतोय. गोलाच्या कडा दातेरी दिसतात, काही चेहरे चेपलेले वाटतात आणि यादी सरकवताना अडकते. शिवाय फोटोला कडं दिलं की ते कुठे जाड, कुठे पातळ दिसतं.
— एक विद्यार्थी, नांदेड

चारही तक्रारींची मुळं वेगवेगळी आहेत.

दातेरी कडा : तू बहुधा कॅनव्हासवर 'क्लिपपाथ' वापरून गोल कापतो आहेस. त्या कापण्याला कडेचे पिक्सेल अर्धपारदर्शक करून मऊ करणं जमत नाही, पिक्सेल एकतर पूर्ण राहतो किंवा पूर्ण जातो. उलट दिशेने विचार कर. फोटो कापू नकोस, फोटोलाच रंग समज. 'बिटमॅपशेडर' फोटोला रंगासारखा कुंचल्यात भरतो, मग अँटी-एलियास (कडेचे पिक्सेल मऊ करण्याची सोय) चालू ठेवून त्या कुंचल्याने एक वर्तुळ काढायचं. कडा लगेच गुळगुळीत होते. पण आज हे हाताने लिहिण्याची गरज उरलेली नाही. मटेरियल लायब्ररीतला 'शेपेबलइमेजव्ह्यू' घे आणि कोपऱ्याचं माप ५० टक्के दे. कंपोजमध्ये असशील तर 'क्लिप'ला 'सर्कलशेप' दे.

चेपलेले चेहरे : 'फिटएक्सवाय' किंवा कंपोजमधलं 'फिलबाउंड्स' काढून टाक. ते फोटो ताणून जागा भरतात. 'सेंटरक्रॉप' किंवा 'क्रॉप' प्रमाण राखून जागा भरतं. चेहऱ्याच्या बाबतीत मला याशिवाय दुसरा पर्याय मान्यच नाही. कुणाचाही चेहरा ताणायचा नसतो. दुसरं, जागा खरोखर चौरस आहे का ते बघ. रुंदी-उंची वेगळी असेल तर कंपोजचा 'सर्कलशेप' कॅप्सूलचा आकार देतो आणि फ्लटरचं 'क्लिपओव्हल' लंबगोल. त्यावरूनच चूक कुठे आहे ते कळतं.

यादी अडकणं हे या चारांतलं खरं दुखणं. हिशेब कर. फोनच्या कॅमेऱ्याचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० गुणिले ३००० पिक्सेलचा. फाइल तीन-चार एमबीची दिसते, पण स्क्रीनवर आणण्यासाठी ती उलगडली की प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे सुमारे ४८ एमबी मेमरी जाते. तुझा गोल आहे ४८ डीपीचा (डीपी म्हणजे स्क्रीनच्या घनतेप्रमाणे पिक्सेलमध्ये बदलणारं अँड्रॉइडचं माप). तिप्पट घनतेच्या स्क्रीनवर तो १४४ पिक्सेल भरतो आणि त्याला लागतात जेमतेम ८३ हजार बाइट. एका स्क्रीनवर दहा माणसं दिसत असतील तर तू जवळपास अर्धा जीबी मेमरी मागतो आहेस, तीही गावाकडच्या साध्या फोनवर. फोटो उलगडतानाच लहान करून घे. 'इनसॅम्पलसाइज' (प्रत्येक बाजू किती पट लहान करायची तो आकडा) १६ दिलंस तर तोच फोटो २५० गुणिले १८७ चा होतो, आणि या गोलाला तो पुरून उरतो. ग्लाइड किंवा कॉइल या फोटो आणून दाखवणाऱ्या लायब्ररी वापरल्यास तर त्या जागेचं माप बघून हे काम स्वतःच करतात, गोलही करून देतात आणि फोन आडवा धरून काढलेला फोटो सरळही करतात. फक्त त्यांना मूळ आकारातच फोटो आणायला सांगू नकोस.

याच ठिकाणी आणखी एक गोष्ट तपास. यादी सरकते तेव्हा वर गेलेली ओळ खाली नव्या माणसासाठी पुन्हा वापरली जाते. जुना फोटो पुसला नाहीस तर एका नावाशेजारी क्षणभर दुसऱ्याच माणसाचा चेहरा दिसतो. तुझ्या यादीत कुणी दिवंगत शिक्षक असतील, तर विचार कर ते घरच्यांना कसं वाटेल. नवा फोटो येईपर्यंत तिथे रिकामा गोल दाखव, आणि तोही गोलच असू दे, चौकोनाचा गोल होताना दिसला की स्क्रीन लुकलुकते.

कडं : 'शेपेबलइमेजव्ह्यू'मध्ये रेघ कडेवर बसते, अर्धी आत आणि अर्धी बाहेर, आणि बाहेरची अर्धी कापली जाते. रेघेच्या निम्म्या जाडीइतकं पॅडिंग दे. कडं हलकं का होईना पण ठेव, कारण डार्क मोडमध्ये काळे केस आणि काळी पार्श्वभूमी एकमेकांत मिसळून डोक्याचा आकारच हरवतो.

आयफोनवर फोटो गोल झाला, पण त्याची सावली गेली. दोन्ही कसं मिळेल?
— एक वाचक, ठाणे

कोपरे कापणारी सूचना चौकटीबाहेरचं सगळंच कापते, सावलीसुद्धा. दोन थर करा : बाहेरच्या व्ह्यूला सावली, आतल्याला गोल. त्रिज्या रुंदीच्या निम्मी ठेवताना ती 'लेआउटसबव्ह्यूज'मध्ये, म्हणजे मांडणी ठरताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये, मोजा, त्याआधी खरी रुंदी ठरलेली नसते.

सर्व्हरवरच फोटो गोल कापून ठेवले तर फोनचं काम वाचेल ना? शिवाय संस्थेचं चौकोनी बोधचिन्हही गोलात दाखवायचं आहे, ते कसं बसवावं?
— एका पतसंस्थेचे संगणक विभाग प्रमुख, सातारा

वाचणारं काम नगण्य, नुकसान मात्र कायमचं. जेपेगमध्ये पारदर्शकता नसते, त्यामुळे गोलाबाहेरचे कोपरे पांढरे किंवा काळे होतात आणि डार्क मोडमध्ये पांढरे चौकोन दिसू लागतात. पीएनजी केलं तर फोटोची फाइल कितीतरी पट फुगते. सर्व्हरवर फोटो लहान करून ठेवा, पण चौकोनीच. गोल दाखवताना करा.

तुमच्या पत्रातला दुसरा मुद्दा बोधचिन्हाचा. तो फोटोपेक्षा वेगळा आहे, कारण बोधचिन्हातलं काहीच कापून चालत नाही. गोलात पूर्ण मावणाऱ्या चौरसाची बाजू व्यासाच्या सुमारे ७१ टक्के असते. ४८ डीपीच्या गोलात तुमचं चौकोनी चिन्ह ३४ डीपीपेक्षा मोठं ठेवू नका. अ‍ॅपच्या आयकॉनला अँड्रॉइड ८ पासून हाच नियम आहे : चित्र १०८ डीपीचं द्यायचं, पण महत्त्वाचं सगळं मधल्या ६६ डीपीच्या वर्तुळात ठेवायचं, कारण बाकीचा भाग कुठला फोन कसा कापेल ते त्या फोनवर अवलंबून असतं.

ज्यांचा फोटो नाही त्यांच्या गोलात नावाचं पहिलं अक्षर दाखवतो. 'किशोर'चा 'क' येतो, 'श्रीधर'चा 'श' आणि 'क्षितिजा'चा 'क'. हे बरोबर दिसत नाही.
— अ‍ॅप तयार करणारी एक वाचक, पुणे

अजिबात बरोबर नाही, आणि तुम्ही हे विचारलंत याचा मला फार आनंद झाला. इंग्रजी नावांसाठी लिहिलेला कोड पहिला संकेतांक, म्हणजे संगणकात प्रत्येक चिन्हाला दिलेला क्रमांक, उचलतो. देवनागरीत 'श्री' हे चार संकेतांकांचं मिळून बनतं : श, हलन्त, र आणि दीर्घ ईकार. पहिलाच उचलला तर बाकीचे तिघे मागे राहतात. मराठीत आद्याक्षरं कशी लिहितात ते आठवा. आपण 'पु. ल.' लिहितो, 'प. ल.' नाही, 'चिं. त्र्यं.' लिहितो, 'च. त.' नाही. स्वरचिन्ह, अनुस्वार आणि जोडाक्षर मिळून एक अक्षर.

म्हणून संकेतांक मोजू नका, अक्षरगुच्छ (मिळून एक अक्षर दिसणारे संकेतांक) मोजा. अँड्रॉइडवर आयसीयू या भाषाविषयक लायब्ररीचं 'ब्रेकइटरेटर' आहे, स्विफ्टमध्ये 'कॅरॅक्टर' हा प्रकार मुळातच तसा आहे, फ्लटरसाठी 'कॅरॅक्टर्स' पॅकेज. 'किशोर'चा 'कि' आणि 'चंद्रकांत'चा 'चं' एवढ्याने नीट येतो. जोडाक्षराला मात्र जपा. देवनागरी जोडाक्षर न तोडण्याचा नियम युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांना संकेतांक देणाऱ्या मानकात, २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. त्याआधीच्या प्रणालीवर 'क्षितिजा'चा पहिला गुच्छ पाय मोडलेला 'क्' येतो. यावर उपाय सोपा आहे : गुच्छाच्या शेवटी हलन्त असेल तर पुढचा गुच्छ त्याला जोडा, आणि हलन्त संपेपर्यंत जोडत राहा. 'त्र्यंबक'ला हे दोनदा करावं लागतं.

मग जागेचा प्रश्न. 'त्र्यं' रुंद आहे, 'श्री'ला वर वेलांटी आहे, 'कृ'ला खाली शेपूट. मी अक्षराचा आकार व्यासाच्या दोन-पंचमांश ठेवते आणि फॉन्टच्या ओळीवर विसंबून न राहता अक्षराची प्रत्यक्ष उंची मोजून ते मध्यात बसवते. गोलाचा रंग सभासद क्रमांकावरून ठरवा म्हणजे तो रोज बदलणार नाही, आणि अक्षर व रंग यांतला उजळपणाचा फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ ला १ ठेवा. शेजारी पूर्ण नाव लिहिलेलं असेल तर स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या टॉकबॅकला तो गोल वगळायला सांगा, नाहीतर अंध सभासदाला प्रत्येक नावाआधी एक सुटं अक्षर ऐकावं लागतं.

चाचणीच्या यादीत ही नावं घाला : त्र्यंबक, ज्ञानदा, कृष्णाबाई, चिंतामण, श्रीधर, ऋतुजा.