वाचकांचे प्रश्न : संघटनेची वर्गणी थेट बँक खात्यातून

प्रश्न : मी इंदूरमधील एका खासगी शाळेत शिकवते. आमच्या शिक्षक संघटनेचे खजिनदार आजवर पावतीपुस्तक घेऊन शाळाशाळांतून वर्गणी गोळा करीत असत. आता दरमहा ५० रुपये प्रत्येकाच्या खात्यातून आपोआप वळते करण्याचे ठरले असून त्यासाठी फॉर्म भरून मागितला आहे. रामबागेत राहणाऱ्या आमच्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंना वाटते की, सही केली म्हणजे खाते परक्याच्या हाती गेले. त्यापेक्षा शाळेनेच पगारातून कापून घेतलेले बरे नाही का?

उत्तर : पगारातून कपातीची मुभा नवी नाही. कर्मचाऱ्याच्या संमतीने नोंदणीकृत कामगार संघटनेची वर्गणी वेतनातून कापता येईल, अशी तरतूद १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात होती आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ती आहे. तरीही खासगी शाळेतील शिक्षकांना मी हा मार्ग सुचवणार नाही. कपात शाळेच्या कार्यालयातून होते, त्यामुळे सभासदांची पूर्ण यादी व्यवस्थापनाच्या टेबलावर राहते आणि वाद उभा राहिला की संघटनेची वसुलीही त्याच टेबलावर अडू शकते. आपल्या खात्यातून आपल्या सहीने गेलेली वर्गणी या दोन्ही गोष्टींपासून मुक्त असते, म्हणून संघटनेचा निर्णय मला योग्य वाटतो.

बाईंची शंका मात्र रास्त आहे, आणि तिचे उत्तर त्या फॉर्ममध्येच सापडते. हे बहुधा ‘नाच’ (एनएसीएच) या खात्यातून आपोआप वसुली करणाऱ्या बँक प्रणालीचे मँडेट, म्हणजे ठरावीक वसुलीला दिलेले संमतिपत्र, असेल. ही प्रणाली भारतीय राष्ट्रीय भुगतान निगम चालवते. त्यात ‘ठरावीक रक्कम’ आणि ‘कमाल रक्कम’ असे दोन पर्याय असतात. कमाल रकमेवर खूण करून पुढे ५,००० लिहिले, तर वर्गणी ५० रुपये असली तरी तेवढ्यापर्यंतच्या वसुलीला आपण मान्यता दिलेली असते. ठरावीक रकमेवर खूण करावी, ‘मासिक’ हा पर्याय निवडावा, शेवटची तारीख कोरी ठेवू नये आणि निवृत्ती जवळ आली असेल तर तीच तारीख तेथे घालावी. पैसे संघटनेच्या नावाच्या खात्यात जाणार आहेत की एखाद्या पदाधिकाऱ्याच्या वैयक्तिक खात्यात, हेही विचारून घ्यावे. दुसरे असेल तर सही करू नये.

खात्यात शिल्लक नसेल तर वसुली परत जाते आणि अनेक बँका त्यासाठी काहीशे रुपये दंड व त्यावर १८ टक्के जीएसटी आकारतात. ५० रुपयांपायी हा भुर्दंड फार जड आहे. १ ऑगस्ट २०२१ पासून ‘नाच’चे व्यवहार रविवारी व सुट्टीच्या दिवशीही होतात, तेव्हा सुट्टीमुळे वसुली पुढे जाईल या भरवशावर राहू नये. वसुलीची तारीख पगारानंतर चार-पाच दिवसांनी ठेवण्याचा आग्रह संघटनेकडे धरावा. किंबहुना एवढ्या लहान रकमेसाठी वर्षातून एकदाच ६०० रुपये घेणे सर्वांत सोयीचे. ज्यांना मोबाइल सवयीचा आहे, त्यांना यूपीआय ऑटोपे बरे पडेल, कारण त्यात वसुलीच्या २४ तास आधी सूचना येते आणि परवानगी अ‍ॅपमधूनच रद्द करता येते.

‘नाच’चे मँडेटही बँकेत अर्ज देऊन रद्द होते. त्यासाठी यूएमआरएन हा संदर्भ क्रमांक लागतो, म्हणून तो पासबुकाच्या आतल्या पानावर लिहून ठेवावा. पासबुकात ही नोंद ‘एसीएच’ या अक्षरांसह दिसते आणि पुढे कधीकधी संघटनेऐवजी वसुली करणाऱ्या कंपनीचे नाव असते, त्यामुळे पहिल्या महिन्याची नोंद खजिनदारांकडून पडताळून घ्यावी. वसुली बँकेतून होत असली, तरी पावती मागण्याचा सभासदाचा हक्क कायम राहतो.

एक गोष्ट सहसा विसरली जाते. मँडेट रद्द केल्याने सभासदत्व संपत नाही. नियमावलीप्रमाणे थकबाकी चढत राहते आणि मतदानाचा हक्कही अडू शकतो. संघटना सोडायचीच असेल तर राजीनाम्याचे पत्र वेगळे द्यावे आणि त्याची पोच घ्यावी.