सरपंचांविरुद्ध अर्ज करताय ना? मग आपल्या सदस्याचंही नाव घाला

तुम्ही लिहिलंय की सरपंचांनी गायरानात शेड मारलंय, त्यांना अपात्र करायचंय, पण तुमच्याच गटातल्या एका सदस्याचं घरही गायरानातच आहे, "त्याचं तेवढं सोडून अर्ज केला तर चालेल का?" हे वाचून पोटात खड्डा पडला. 2019 साली पन्हाळ्याकडच्या आमच्या गावात मी नेमकं हेच केलं होतं.

मी वकील नाही. कलमं तुमच्या वकिलांकडून तपासून घ्या. आणि अविश्वास ठराव न् अपात्रता यांची गल्लत करू नका. अविश्वासाला संख्याबळ लागतं, अतिक्रमणाला पुरावा.

आमच्या अर्जावर चौकशीला आलेल्या कार्यालयाने टेपसुद्धा आणला नव्हता. चार ओळींचा पंचनामा, त्यात "अंदाजे" तीन वेळा. मोजणी करा म्हणून आम्ही दोनदा लेखी दिलं, उत्तर आलं नाही. ते अजून सलतं. पण खरा घात आमचा आम्हीच केला.

सुनावणीत समोरच्या वकिलांनी आमच्या सदस्याच्या घराचा नमुना नंबर 8 चा उतारा (ग्रामपंचायतीकडची घराची नोंद) पुढे केला आणि मला विचारलं, "हे घर कुठल्या जागेत आहे?" मला ठाऊक होतं. सरपंचांविरुद्धच्या अर्जाचा पहिला मसुदा त्याच घराच्या सोप्यात बसून लिहिला होता, चहा घेत. मी "माहीत नाही" म्हणालो. मागे बसलेल्या गाववाल्यांनी ते ऐकलं.

दुसऱ्याचं अतिक्रमण दाखवून सरपंच सुटत नाहीत, हे खरं. पण आमच्या बाजूने प्रतिज्ञापत्र दिलेल्या पाचपैकी दोघांनी त्याच आठवड्यात माघार घेतली. एकजण तोंडावर म्हणाला, "तुम्हाला गायरान नको होतं, खुर्ची पाहिजे होती." मग हातात उरला तो "अंदाजे"चा पंचनामा. अर्ज फेटाळला गेला, आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत सरपंचांची मुदतच संपली.

आपला सदस्य म्हणेल, "घर वडिलांनी बांधलंय, मी नाही." आमचाही तेच म्हणायचा. सुप्रीम कोर्टाने 2018 साली स्पष्ट केलंय की मूळ अतिक्रमण करणाराच नव्हे, ते पुढे वापरत राहणारा सदस्यही अपात्र ठरतो. तेव्हा त्याला आधी भेटून सरळ सांगा. मग दोन वेगळे अर्ज एकाच दिवशी द्या, लागोपाठच्या आवक नंबरांनी. गटातले चार लोक बोलायचे बंद होतील. होऊ देत.

आपला माणूस आला की तटस्थ राहायचं, ही खोड वरपासून आहे. 1993 साली न्यायमूर्ती व्ही. रामस्वामींना पदावरून दूर करण्याचा प्रस्ताव लोकसभेत आला. चौकशी समितीने ठपका ठेवलेला होता. बाजूने 196 मतं पडली, विरोधात एकही नाही, आणि सत्ताधारी काँग्रेससह 205 जण तटस्थ. लागणारं बहुमत झालं नाही, प्रस्ताव पडला. टीव्हीवर महाभियोगाची बातमी लागली की चौकात आपण तावातावाने बोलतो, पण ग्रामसभेत आपल्या भावकीच्या माणसाचा विषय निघाला की मान खाली घालतो. मीही घातली होती, म्हणून एवढं चिडून लिहितोय.

बाकी किरकोळ: तोंडी आश्वासनावर जाऊ नका, प्रत्येक कागदाची पोच घ्या. सरकारी मोजणीचा नकाशा मिळेपर्यंत अर्जाची घाई नको. जिल्हाधिकाऱ्यांचा निकाल विरोधात गेला तर विभागीय आयुक्तांकडे अपिलाला 15 दिवसच असतात, तेव्हा निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज टाका. त्यापुढे हायकोर्टात जायची वेळ आलीच, तर आम्हाला मुंबईच्या खेपा घालाव्या लागल्या असत्या. 18 ऑगस्ट 2025 पासून सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे.

दोन्ही अर्जांचा मसुदा झाला की नावं झाकून इथे टाका. सरपंचांच्या अर्जात जेवढा कडक शब्द वापराल तेवढाच दुसऱ्यातही आहे का, एवढं मी नक्की बघून देतो.