फिलाडेल्फियात आपलं चर्च मिळेल का?

ताई, फिलाडेल्फियात आपल्यासारखं चर्च आहे का आणि लेक शाळेत रुळेल का, असं तुम्ही विचारलंत. व्हिसा, विमा सगळं सरकारी साइटवर आहे, ते सांगत बसत नाही.

चर्च आहे. एपिस्कोपल म्हणजे अँग्लिकन घराण्यातलंच. नाशिकला सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) वाढलेल्या माणसाला गुडघे कधी टेकायचे ते इथे विचारावं लागत नाही. मी सेंट थॉमसला जाते. कृष्णवर्णीयांनी १७९२ मध्ये सुरू केलेली ही मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय. त्याआधी हे लोक सेंट जॉर्ज या मेथडिस्ट चर्चमध्ये जायचे. एका रविवारी प्रार्थना चालू असताना गुडघ्यांवर बसलेल्या अ‍ॅब्सलम जोन्सना 'इथे बसायचं नाही' म्हणून ओढून उठवायला लागले. प्रार्थना संपेपर्यंत थांबा, एवढंच ते म्हणाले. कुणी थांबलं नाही. मग सगळेच बाहेर पडले. जोन्स जन्माने गुलाम. आधी बायकोला पैसे भरून सोडवलं, त्यांची स्वतःची सुटका १७८४ मध्ये झाली. पुढे ते एपिस्कोपल चर्चचे पहिले कृष्णवर्णीय पाळक झाले. १७९४ मध्ये एपिस्कोपल चर्चच्या इथल्या धर्मप्रांताने मंडळीला आत घेतलं, पण प्रांताच्या सभेत मत नाही या अटीवर. ती अट १८६०च्या दशकापर्यंत टिकली.

गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं आपल्या नाशिकच्या शरणपुरात मिशनने वाढवली, हे लहानपणी ऐकलेलं. त्यामुळे मला इथे परकं वाटलं नाही.

शाळेचं मात्र अजून सलतं. फॉर्मवर 'घरची भाषा' या रकान्यात मी मराठी लिहिलं. तेवढ्यावरून इंग्रजी माध्यमात चौथीपर्यंत शिकलेल्या माझ्या लेकीला इंग्रजी न येणाऱ्या मुलांच्या वेगळ्या खोलीत बसवलं. सफरचंद, मांजर, छत्री अशी चित्रांची कार्डं पुढ्यात. आठ महिने. ती एकदाच म्हणाली, "आई, मला हे येतं गं." आणि मी संमतीच्या कागदावर सही करून बसले होते, कारण नवीन देशात वाद नको वाटला. जोन्सांची गोष्ट मी दर फेब्रुवारीत, त्यांच्या स्मरणदिनाला, ऐकते आणि तेव्हा मला ती खोली आठवते.

तुम्ही मराठीच लिहा, खोटं लिहू नका. पण इंग्रजीची चाचणी कधी घेणार ते लेखी विचारा, त्याआधी सही करू नका.

एकटेपणा असतो. कामाला लागलात की कमी होतो.

येताना पाळकसाहेबांचं मंडळीसाठी पत्र, बाप्तिस्म्याचा दाखला आणि माध्यम इंग्रजी असल्याचं शाळेचं शिक्क्याचं पत्र हातातल्या बॅगेत ठेवा. पहिल्या रविवारी कळवा, मी दारात उभी राहते.