झॉम्बी रिमेक: सुरुवात कुठून करायची?

रिमेक बिनधास्त बघ, फक्त आधी मूळ सिनेमा. जॉर्ज रोमेरोचा १९६८चा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ कृष्णधवल आहे म्हणून नवखे टाळतात आणि तिथेच चुकतात. त्याच्यामागोमाग टॉम सॅव्हिनीचा १९९०चा रिमेक लाव. मूळ सिनेमातली बार्बरा धक्क्याने गोठून सोफ्यावर बसून राहते. रिमेकमधली बंदूक हातात घेते. पटकथा पुन्हा रोमेरोचीच, म्हणून हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

‘डॉन ऑफ द डेड’ (१९७८ आणि २००४) नंतर. दोन्हीकडे मॉलच, पण २००४च्या रिमेकमध्ये दिग्दर्शक झॅक स्नायडरचे झॉम्बी धावत सुटतात. ‘मुळासारखा नाही’ म्हणून अर्ध्यात बंद करू नकोस. २००८चा ‘डे ऑफ द डेड’ मात्र खुशाल सोड. सीक्वेल, एकाच सिनेमाचे वेगवेगळे कट (संपादित आवृत्त्या) वगैरे सध्या राहू दे.