गॅरेजच्या दाराची स्प्रिंग तुटल्यावर

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. गॅरेजच्या दारावरच्या दोन स्प्रिंगांपैकी एक मोठा आवाज होऊन तुटली. तेवढीच बदलावी का, आणि ते काम घरी करता येईल का?

उत्तर : दोन्ही बदला. दाराचे वजन पेलणारी ही पीळ दिलेली सर्वसाधारण स्प्रिंग सुमारे 10,000 वेळा दार उघडून बंद होईपर्यंत टिकेल अशी बनवतात. दिवसाला चार वेळा दार वापरले तर ती जेमतेम सात वर्षे पुरते, आणि दोन्ही एकाच वेळी बसवल्या असतील तर दुसरीही थकलेलीच असणार.

नवी स्प्रिंग केवळ लांबी पाहून घेऊ नये. तारेची जाडी, आतील व्यास, सुटलेल्या अवस्थेतील लांबी आणि पिळाची दिशा जुळलीच पाहिजे. जाडीसाठी एकमेकांना चिकटलेल्या वीस वेढ्यांची लांबी मोजून तिला विसाने भागावे. दाराला नंतर फळ्या किंवा काच बसवली असल्यास वजन बदलते, म्हणून दार नव्याने तोलून घ्यावे.

बसवण्याचे काम मात्र जाणकार कारागिरालाच द्या, असे मी आग्रहाने सांगेन. शाबूत स्प्रिंगेत अजूनही पूर्ण ताण आहे; तिचा स्क्रू ढिला करताच पीळ एका झटक्यात सुटतो आणि पीळ धरून ठेवण्यासाठीच्या योग्य मापाच्या पोलादी सळ्यांऐवजी स्क्रूड्रायव्हर वापरणाऱ्याचा हात मोडू शकतो. तोपर्यंत मोटर चालवू नका. काम झाल्यावर मोटर सोडवून दार हाताने अर्धे उचलून पाहा. ते तिथेच थांबले पाहिजे.