पीटीचा मास्तर

ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगा २३ वर्षांचा. कॉलेजात चार वर्षं अमेरिकन फुटबॉल खेळला, गणितात पदवी घेतली. गेल्या हंगामात एका हायस्कूलच्या टीमला फुकट मदत करत होता. शनिवारी लॅपटॉपवर मॅचचे तेच आठ सेकंद पुन्हा पुन्हा बघायचा, किराण्याच्या बिलांमागे डावांचे फुल्या-गोळे काढायचा. एकदा एका पोराला घरी बोलावून ड्राइव्हवेवर तासभर पाय कुठे टाकायचा ते दाखवत होता. मी दिलेले पोहे दोघांचेही गार झाले. आता म्हणतो, हेच करणार, कोच आणि गणिताचा शिक्षक. त्याचे बाबा म्हणाले, 'एवढी फी भरली ती पीटीचा मास्तर व्हायला?' दोन आठवडे अबोला आहे. काय करू?
— एक आई

ताई, आधी त्या पोह्यांबद्दल बोलू. चांगल्या खेळाडूचा पाय आपोआप जागेवर पडतो. दुसऱ्याचा कुठे चुकतोय ते दिसणं, आणि न चिडता तासभर तेच सांगत राहणं, हे चांगल्या खेळाडूंपैकीही थोड्यांनाच जमतं. तुमच्या मुलाला जमतंय असं दिसतं.

त्याच्या बाबांच्या डोळ्यांपुढे आपल्या शाळेतला पीटीचा तास असणार, सहामाही जवळ आली की गणिताच्या बाईंनी हक्कानं मागून घेतलेला. तिकडचं हायस्कूल फुटबॉल वेगळं. शुक्रवारी संध्याकाळी अर्धं गाव मैदानावर, बँडसकट. पण कोच हा बहुतेक वेळा आधी वर्गावरचा शिक्षक असतो आणि पोट त्याच पगारावर चालतं. कोचिंगचं मानधन वेगळं. असिस्टंटला हंगामाचे काही हजार डॉलर मिळतात, तासांनी भागलंत तर हसू येईल. मिस्टरांना हे आधीच सांगून टाका, नंतर कळलं तर आणखी भडकतील.

म्हणून मुलाला मी फुटबॉलबद्दल काही विचारणारच नाही. नोव्हेंबरात हंगाम संपल्यावर, फेब्रुवारीतल्या मंगळवारी, नववीच्या वर्गाला बीजगणित शिकवायला जावंसं वाटेल का, एवढंच विचारा. उत्तर 'हो' असेल तर बाकीचं अवघड नाही. गणिताचे शिक्षक तिथे कमीच पडतात, आणि न्यू जर्सीत बी.एड.सारखी पदवी नसली तरी विषयाची परीक्षा देऊन, नोकरी करता करता प्रशिक्षण पुरं करता येतं. सरकारी शाळेत साधारण चार वर्षं आणि एक दिवस भरला, कामाचे शेरे चांगले असले, की नोकरी पक्की होते. घुटमळला, तर यंदा बदली शिक्षक म्हणून वर्गावर जाऊ दे. मैदान सुटत नाही म्हणून शिक्षक झालेली माणसं मी पाहिली आहेत. वर्गातली पोरं त्यांना आठवड्यात ओळखतात.

तुमच्या घरापासून तासाभरावर एंगलवूड आहे. फोर्डहॅम विद्यापीठाच्या गाजलेल्या टीममधला एक खेळाडू १९३७ मध्ये पदवीधर झाला आणि दोन वर्षं चाचपडत राहिला. फायनान्स कंपनीत नोकरी केली, रात्रीच्या लॉ कॉलेजात जाऊन पाहिलं. १९३९ मध्ये तो एंगलवूडच्या सेंट सिसिलिया हायस्कूलमध्ये असिस्टंट कोच म्हणून लागला. वर्गात लॅटिन, रसायन आणि भौतिकशास्त्र शिकवायचा. आठ वर्षं तिथेच होता. त्याचं नाव व्हिन्स लोम्बार्डी, आणि सुपर बोलची, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या सगळ्यांत मोठ्या सामन्याची, ट्रॉफी आज त्याच्या नावानं ओळखली जाते. मात्र हे पुण्यात सासूबाईंना फोनवर सांगू नका, लगेच 'मग आपला कधी?' सुरू होईल. बहुतेक कोच शाळेतच निवृत्त होतात, आणि त्यात वाईट काही नाही.

मारामारीचा खेळ म्हणून धास्ती असेल, तर ती रास्त आहे. डोक्याला लागतं. म्हणूनच न्यू जर्सीत २०१९ पासून हंगामातल्या सरावात पूर्ण ताकदीनं अंगावर जायची मुभा आठवड्याला ९० मिनिटांवरून १५ मिनिटांवर आणली. उरलेला सगळा वेळ पाय कुठे, खांदा कुठे, डोकं वर कसं ठेवायचं हेच घोटून घ्यायचं. म्हणजे ड्राइव्हवेवर चाललं होतं तेच.

मिस्टरांशी वाद घालत बसू नका. मुलाच्या कॉलेजच्या मॅचेसना ते किती वेळा गेले होते, हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मीही विचारत नाही. ऑगस्टमध्ये सराव सुरू होतो, पहिले दिवस नुसत्या हेल्मेटवर. एखाद्या सकाळी दोन फोल्डिंगच्या खुर्च्या आणि पाण्याची मोठी बाटली घेऊन जा. 'आपल्याला मैदानावर जायचंय' असं म्हणू नका. 'मला जरा सोडायला या' म्हणा. दुसरी खुर्ची डिकीतच राहू दे, लागली तर काढा.